मागील पानावरून पुढे : ‘कॅरी ऑन’ आणि परभणीचे चार शब्द

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला त्या भाषेतले लांबलचक लॅटिन शब्द तितकेसे छळत नाहीत. ते कोशात सापडतात, पाठ करता येतात, आणि बहुतेकदा त्यांचा एकच अर्थ असतो. त्याला छळतात ती ‘गो’, ‘कॅरी’, ‘कीप’ यांसारखी छोटी क्रियापदे आणि त्यांच्या शेपटाला लागलेली ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘अप’ ही चिमुकली अव्यये. ही अडचण आपल्याच विद्यार्थ्यांची आहे असे समजण्याचे कारण नाही. सॅम्युअल जॉन्सन याने १७५५ साली आपला कोश प्रसिद्ध केला, तेव्हा प्रस्तावनेतच त्याने या जोडक्रियापदांचा वेगळा उल्लेख करून परकीयांना सर्वांत अधिक त्रास यांचाच होतो अशी नोंद केली होती. त्यांना आज रूढ असलेले ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र लोगन पिअरसॉल स्मिथ याच्या १९२५ सालच्या पुस्तकामुळे प्रचलित झाले. म्हणजे वस्तू जुनी, नाव तिच्या मानाने अलीकडचे.

या क्रियापदांपैकी ‘पुढे चालू ठेवणे’ या अर्थाचे ‘कॅरी ऑन’ हे एकच रूप या लेखापुरते घ्यायचे आहे, आणि ते परभणी जिल्ह्याच्या इतिहासात ठेवून पाहायचे आहे. व्याकरणाच्या एका कलमासाठी जिल्ह्याचा इतिहास कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की ‘चालू ठेवणे’ म्हणजे काय हा प्रश्न परभणीच्या वाट्याला केवळ भाषांतराच्या वहीत आलेला नाही. १९४८ ते १९६० या बारा वर्षांत या जिल्ह्याने तीन राज्यव्यवस्था पाहिल्या, कचेरीची भाषा बदललेली पाहिली, खिशातले नाणे बदललेले पाहिले. अशा ठिकाणी काय चालू राहिले, कोणी चालू ठेवले आणि त्याचे ओझे कोणी वाहिले, हे शब्दार्थाचेच प्रश्न होतात.

प्रथम इंग्रजी रूपाकडे पाहू. ‘कॅरी’ हा शब्द इंग्लंडात नॉर्मन फ्रेंचांबरोबर आला. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘कारुस’ म्हणजे गाडा आहे, आणि लॅटिननेही तो गॉल लोकांकडून उचललेला. तेव्हा ‘कॅरी’ म्हणजे मुळात गाड्यावर घालून नेणे. त्याला ‘ऑन’ लागले की नेण्याची क्रिया थांबत नाही, पुढच्या टप्प्याकडे सरकते. व्यापार चालवणे, पत्रव्यवहार चालू ठेवणे, लढाई जारी ठेवणे, अशा अर्थांनी ते रूढ झाले. याउलट ‘गो ऑन’मध्ये ओझे नाही, तिथे कर्ता स्वतःच पुढे जातो. ‘कीप ऑन’मध्ये हट्ट किंवा चिकाटी आहे. ‘मूव्ह ऑन’मध्ये मागचे मागे टाकणे आहे. चारही ठिकाणी ‘ऑन’ तेच, पण पहिल्या क्रियापदाचा मूळ धर्म शेवटपर्यंत सुटत नाही. ‘कॅरी ऑन’ म्हणताना बोलणाऱ्याच्या ध्यानीमनी नसले तरी कोणीतरी काहीतरी उचललेले असते.

‘कॅरी ऑन’चा आणखी एक उपयोग सैन्यातला. अधिकारी पाहणीस येतो, कवायत थांबते, सगळे ताठ उभे राहतात. जाताना तो ‘कॅरी ऑन’ म्हणतो, आणि कवायत पुन्हा सुरू होते. १९५८ साली सुरू झालेल्या ‘कॅरी ऑन’ या इंग्रजी विनोदी चित्रपटमालिकेच्या पहिल्या चित्रपटाचा नायक सार्जंट असावा, यातही हा कवायतीचा संदर्भ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीस, १९३९ साली, ब्रिटिश सरकारने नागरिकांना शांत राहून काम चालू ठेवण्यास सांगणारे एक भित्तिपत्रक सुमारे २५ लाख प्रतींत छापले. ते भिंतींवर फारसे लागलेच नाही. बहुतेक प्रती रद्दीत गेल्या, आणि २००० साली एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक प्रत सापडल्यावर मात्र ते जगभर पेल्यांवर आणि सदऱ्यांवर छापले गेले. या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. ‘कॅरी ऑन’ असे म्हणणारा वरच्या जागेवर असतो. चालू ठेवणारा खाली असतो, आणि त्याला चालू ठेवण्याची परवानगी आणि आज्ञा एकाच शब्दात मिळते.

आता मराठीकडे वळू. इंग्रजीत क्रियापदाच्या मागे अव्यय येते, तर मराठीत धातुसाधिताच्या मागे दुसरे क्रियापद येते. ‘बोलत’ या एका रूपाला आपण काय काय जोडतो ते पाहावे. ‘तो बोलत राहिला’ : इथे क्रिया अखंड आहे, कदाचित कोणी ऐकत नसतानाही. ‘तो बोलत गेला’ : इथे क्रियेला ओघ आहे, एकातून दुसरे निघते आहे. ‘तो बोलत बसला’ : इथे बोलणाऱ्याचा नाही तर सांगणाऱ्याचा वैताग आहे, वेळ फुकट गेल्याची तक्रार आहे. ‘तो बोलत सुटला’ : इथे ताबा गेलेला आहे. आणि ‘ऊन वाढत चालले’ यात क्रिया चालू आहे एवढेच नाही, तर ती पायरीपायरीने अधिक होते आहे. इंग्रजी ‘गो ऑन’चे भाषांतर करताना यांपैकी कोणते रूप निवडायचे हे वाक्याकडे पाहून ठरत नाही, निवेदकाची वृत्ती पाहून ठरते. भाषांतराच्या तासाला विद्यार्थी ‘तो बोलणे चालू ठेवले’ असे काहीतरी लिहितो तेव्हा त्याचे व्याकरण चुकते हे आपण त्याला सांगतो. त्याच्या हाताशी त्याच्या घरच्या बोलीतच पाच पर्याय होते, हे सांगायचे मात्र राहून जाते.

इथेच एक नेहमीचा घोटाळाही नोंदवायला हवा. ‘ही वेन्ट ऑन रीडिंग’ म्हणजे तो वाचत राहिला. ‘ही वेन्ट ऑन टू रीड’ म्हणजे आधीचे काही संपवून पुढे तो वाचू लागला. पहिल्यात तीच क्रिया लांबते, दुसऱ्यात क्रिया बदलते आणि माणूस तेवढा पुढे सरकतो. मराठीत हा भेद ‘राहिला’ आणि ‘पुढे’ या दोन शब्दांनी सहज होतो. चरित्रलेखनात ‘पुढे ते मुंबईस गेले’ असे आपण लिहितो तेव्हा ते दुसऱ्या प्रकारचे ‘गो ऑन’ असते. तीच क्रिया लांबवणे आणि क्रिया बदलून पुढे जाणे या दोन्हींना इंग्रजीने एकच क्रियापद दिले, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढच्या इतिहासाला उपयोगी पडेल.

परभणीत या इंग्रजी क्रियापदाची वाट मुंबई-पुण्याहून निराळी होती. पुण्या-मुंबईकडे इंग्रजी आणि मराठी समोरासमोर आल्या. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली आले, कॅन्डीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली. परभणी मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकापर्यंत तिथल्या दरबाराची भाषा फारसी होती, नंतर उर्दू झाली. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू ठेवले आणि त्यासाठी ‘दारुल-तर्जुमा’ नावाचे भाषांतराचे खातेच उभे केले. इंग्रजी हा विषय सक्तीचा होता. म्हणजे परभणीचा जो मुलगा पुढे शिकला, त्याला ‘कॅरी ऑन’ हे बहुधा प्रथम ‘जारी रखना’ म्हणून कळले आणि ‘चालू ठेवणे’ म्हणून नंतर. त्याच्या डोक्यात एका क्रियेचे तीन शब्द एकावर एक बसले.

हे तीन शब्द नीट पाहण्यासारखे आहेत. ‘जारी’ हा अरबी शब्द वाहणे, धावणे या अर्थाच्या धातूवरून आला. पाणी वाहते तसे जे वाहते आहे ते जारी. म्हणून हुकूम जारी होतो, म्हणजे वरून खाली सोडला जातो, आणि काम जारी राहते, म्हणजे त्याचा प्रवाह अडत नाही. मराठीने यातला हुकमाचा अर्थ अधिक उचलला, वाहण्याचा कमी. ‘कॅरी’मध्ये गाडा आहे, ओझे आहे. एकीकडे पाणी, दुसरीकडे गाडा. या दोहोंच्या मध्ये मराठीचा ‘वाहणे’ हा शब्द उभा आहे. नदी वाहते आणि हमालही ओझे वाहतो. अकर्मक वाहणे प्रवाहाचे, सकर्मक वाहणे भाराचे. अरबी ‘जारी’ आणि इंग्रजी ‘कॅरी’ यांनी वाटून घेतलेले दोन अर्थ मराठीत एकाच धातूत नांदतात. ‘प्रवाह’ त्यातूनच आला, ‘वाहतूक’ त्यातूनच, आणि ‘निर्वाह’ही त्यातूनच. उदरनिर्वाह या शब्दात जगणे चालू ठेवणे आहे, पण ते आपोआप चालत नाही. कोणाला तरी ते वाहून पलीकडे न्यावे लागते. ‘कॅरी ऑन’ला मराठी प्रतिशब्द हवाच असेल, तर ‘चालू ठेवणे’पेक्षा ‘निर्वाह’ त्याच्या अधिक जवळचा आहे, असे मला वाटते.

‘चालू’ या शब्दाची स्वतःची कथा आहे. चालू वर्ष, चालू खाते, चालू काम यांत तो निरुपद्रवी असतो. ‘माणूस चालू आहे’ यात तो बेरकी होतो. ‘चालढकल’मध्ये चालणे आणि ढकलणे एकत्र येऊन काहीच न करण्याला नाव मिळते. याच कुळातला ‘चलन’ हा शब्द परभणीच्या संदर्भात विशेष लक्षणीय. निजामाच्या राज्यात ब्रिटिश रुपयाहून वेगळे असे संस्थानाचे स्वतःचे नाणे होते, आणि त्याला ‘हाली सिक्का’ म्हणत. ‘हाली’ म्हणजे सध्याचा, चालू. संस्थान विलीन झाल्यावरही काही वर्षे हे ‘चालू’ नाणे भारतीय रुपयाबरोबर चालत राहिले आणि मग बंद झाले. ज्याच्या नावातच चालूपण होते ते चालायचे थांबले. शब्दाने दिलेली हमी शब्दाला पाळता येत नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल.

‘चालू ठेवणे’ ही क्रिया किती महाग असू शकते हे १९३८ साली दिसले. त्याच्या आदल्या वर्षी, १९३७ मध्ये, महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला भरले होते. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. १९८१ साली जालना जिल्हा झाला तेव्हा ते तिकडे गेले. मराठी बोलणाऱ्यांची संस्थानातली संघटित हालचाल अशी सुरू झाली असताना १९३८च्या अखेरीस औरंगाबाद आणि हैदराबाद येथील विद्यार्थ्यांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरील बंदी मान्य करण्यास नकार दिला. उस्मानिया विद्यापीठाने त्यांची नावे काढून टाकली. नागपूर विद्यापीठाने त्यांतल्या अनेकांना प्रवेश दिला आणि त्यांनी तिथे शिक्षण पुढे चालू ठेवले. चरित्रांतून येणारे हे वाक्य आपण सहज वाचून जातो. पण वर केलेला भेद लावून पाहावा. ही कोणत्या प्रकारची ‘गो ऑन’ क्रिया? पदवी तीच, विषय कदाचित तेच; पण राज्य दुसरे, शहर दुसरे, शिकण्याची भाषा दुसरी. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलाला नागपुरात इंग्रजीतून शिकायचे होते. क्रिया लांबली असे म्हणावे, की क्रिया बदलली आणि माणूस तेवढा पुढे गेला? दोन्ही खरे आहे. आणि त्यांना कोणी ‘कॅरी ऑन’ म्हटलेले नव्हते. उलट, थांबा असे म्हटले होते. सैन्यातल्या आज्ञार्थाहून हे चालू ठेवणे नेमके उलटे आहे.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांच्या कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात आले. या घटनेला आपण मुक्ती म्हणतो आणि ती होतीच. पण भाषेच्या विद्यार्थ्याने तिच्या दुसऱ्या बाजूकडेही पाहायला हवे. प्रथम लष्करी प्रशासन आले, २६ जानेवारी १९५० पासून मुलकी मंत्रिमंडळ आले, आणि त्याच दिवसापासून निजाम मीर उस्मान अली खान राजप्रमुख झाले. ते ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत त्या पदावर होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. कचेऱ्या चालू राहिल्या, महसूल चालू राहिला, दप्तरे त्याच कपाटांत राहिली. आधी उर्दूत लिहिणारा कारकून पुढे इंग्रजीत आणि मग मराठीत लिहू लागला. राज्याच्या दृष्टीने तीच क्रिया लांबली. कारकुनाच्या दृष्टीने क्रिया बदलली. ज्याचे शिक्षण उर्दूत झाले होते त्याची चाळिशीतली विद्वत्ता एका रात्रीत निरक्षरतेच्या जवळ आली. हे केवळ मुसलमान कारकुनांच्या बाबतीत घडले असे नाही. मराठी घरांतही उर्दूत शिकलेली पिढी होती. तिने नवी भाषा कशी आत्मसात केली, किती जण मागे राहिले, हे आपल्या मुक्तिसंग्रामाच्या गौरवग्रंथांत फारसे येत नाही.

या पिढीची एक खूण म्हणून बी. रघुनाथ यांच्याकडे पाहता येते. भगवान रघुनाथ कुलकर्णी यांचा जन्म १९१३ सालचा, परभणी परिसरातल्या सातोना या गावचा. शिक्षण हैदराबादेत, नोकरी निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात. दिवसा कचेरीची उर्दू, आणि कविता, कथा, कादंबरी मराठीत. ७ सप्टेंबर १९५३ रोजी वयाच्या चाळिशीत परभणीत त्यांचे निधन झाले. नोकरी टिकवून त्यांनी लेखन चालू ठेवले असे म्हणणे सोपे आहे. वस्तुतः त्यांनी दोन भाषांचा भार एकाच वेळी वाहिला. त्यांच्या एका कादंबरीचे नावच ‘म्हणे लढाई संपली’ असे आहे. यातल्या ‘म्हणे’ या शब्दात जी शंका आहे तिचे इंग्रजी भाषांतर करून पाहावे. संपल्याची बातमी वरून येते. खाली मात्र काहीतरी चालूच असते. ‘संपली’ या भूतकाळाला ‘म्हणे’ या एका शब्दाने चालू वर्तमानात ओढून आणले आहे.

दप्तराची गोष्ट इथे संपत नाही. २०२३ साली मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा निजामकाळातले उर्दू आणि मोडी कागद पुन्हा बाहेर निघाले आणि ते वाचू शकणाऱ्यांचा शोध सुरू झाला. आरक्षणाच्या वादात शिरण्याचे इथे कारण नाही. आपल्या विषयापुरते एवढेच दिसते, की कागद चालू राहिले होते, वाचणारे राहिले नव्हते. पाऊणशे वर्षांपूर्वी ज्या लिपीतून राज्य चालत होते ती वाचणारा माणूस आता शोधावा लागतो. चालू राहणे ही वस्तूची गोष्ट असते. चालू ठेवणे ही माणसाची. ‘राहणे’ आणि ‘ठेवणे’ यांतला हा भेद मराठीत इतका ठसठशीत आहे, की इंग्रजी ‘कंटिन्यू’ वापरून आपण तो पुसतो तेव्हा काहीतरी मोलाचे हरवते.

हिशेबाच्या वहीतही एक पुढे नेणे असते. पान संपले की बेरीज तळाला मांडायची आणि पुढच्या पानाच्या माथ्यावर लिहायचे, ‘मागील पानावरून पुढे’. मासिकांनी हा शब्दप्रयोग उचलला, आणि ‘पुढे चालू’ आणि ‘क्रमशः’ यांच्या पंक्तीस तो बसला. मराठवाड्याच्या बाबतीत मात्र हिशेबाचा अर्थच खरा ठरला. १९८३ साली वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तथ्यशोधन समितीने १९८४ च्या अहवालात राज्याचा विकासाचा अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये असल्याचे सांगितले. पुढे वैधानिक विकास मंडळे आल्यावर निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ ची स्थिती धरून हा आकडा सुमारे १४,००७ कोटी रुपये काढला. दोन्हींच्या मोजणीच्या रीती वेगळ्या, म्हणून आकड्यांची थेट तुलना करू नये. पण ‘अनुशेष’ हा शब्द पाहावा : मागोमाग येणारे शिल्लक. जे झाले नाही तेच पानोपानी पुढे नेले गेले. या मंडळांची मुदतही वारंवार वाढवत नेली गेली आणि ३० एप्रिल २०२० रोजी ती संपली.

आणि आता आजच्या परभणीतला ‘कॅरी ऑन’. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी, औषधनिर्माण यांसारख्या अभ्यासक्रमांत हा शब्द क्रियापद उरलेला नाही, नाम झाला आहे. काही विषय राहिले असताना पुढच्या वर्षात बसू देण्याची सवलत म्हणजे ‘कॅरी ऑन’. तो ‘मिळतो’, ‘नाकारला जातो’, आणि त्याच्यासाठी निवेदने दिली जातात, आंदोलने होतात. करोनानंतरच्या वर्षांत हे राज्यभर पुन्हा पुन्हा घडले. त्याचा थोरला भाऊ ‘एटीकेटी’. तोही मुळात एक इंग्रजी वाक्यांश, ज्याची अक्षरे कशाची हे आता बहुतेकांना सांगता येत नाही. गंमत अशी, की विद्यार्थ्यांनी नकळत या शब्दाचा कवायतीतला जुना अर्थ अचूक हेरला आहे : वरून परवानगी आल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दुसरा अर्थही त्यात आहे, मागचे ओझे बरोबर घेऊन पुढे जाणे. राहिलेले विषय माफ होत नाहीत, ते वाहावे लागतात. खेड्यातून आलेल्या, एक वर्ष वाया गेले तर घरी परत बोलावल्या जाणाऱ्या मुलीच्या दृष्टीने हा शब्द व्याकरणाचा नाही. तिच्या बाबतीत त्याचा अर्थ निर्वाह असाच आहे.

याच पिढीच्या बोलण्यात ‘मूव्ह ऑन’ही आला आहे. नातलग गेला, नाते तुटले, पीक गेले, तरी ‘मूव्ह ऑन’ व्हायचे. मराठीत याला ‘सावरणे’ म्हणत; त्यात तोल जाऊन पुन्हा उभे राहणे आहे, मागचे टाकून देणे नाही. आषाढी वारीला शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेडवरून पंढरीला जाते. जनाबाईचे हे गंगाखेड. रोज सकाळी पालखी मुक्काम सोडते आणि पुढच्या मुक्कामाकडे निघते. पण ज्याच्या घरात वारी आहे तो वारी ‘चालवतो’ असे आपण म्हणतो, आणि बापाची वारी मुलगा चालवतो. इथे पुढे जाणे आहे, ओझे वाहणे आहे, आणि मागचे सोडणे मात्र नाही. ‘गो ऑन’ आणि ‘कॅरी ऑन’ दोन्ही त्या एका ‘चालवणे’त बसतात, ‘मूव्ह ऑन’ तेवढे बाहेर राहते.

भाषांतराचा तास घेणाऱ्या शिक्षकाला यातून एक साधी गोष्ट करता येईल. ‘कॅरी ऑन’ फळ्यावर लिहून त्याच्यापुढे एकच प्रतिशब्द न लिहिता तीन प्रश्न लिहावेत : चालू ठेवा असे कोण म्हणतो आहे, ओझे कोणाच्या खांद्यावर आहे, आणि तीच क्रिया लांबते आहे की माणूस दुसऱ्या क्रियेकडे गेला आहे. परभणीच्या मुलांना या प्रश्नांची उत्तरे शोधायला कोश उघडावा लागणार नाही. आजोबांनी कोणत्या भाषेत शाळा शिकली, जमिनीचा जुना कागद कोणत्या लिपीत आहे आणि तो आता कोण वाचतो, एवढे घरी विचारले तरी पुरे.